वर्गात देवाचा विषय निघाला की

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन उभं राहावं. मैदानावर रांगा लागलेल्या असतात. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, कुणी सुविचार वाचतं, कुणी बोधकथा सांगतं, दिनविशेष होतो आणि पुष्कळ शाळांत मग पसायदान सुरू होतं. पाचशे-सहाशे मुलं एका सुरात म्हणतात ते मागणं ज्या ग्रंथाच्या शेवटी येतं, तो ग्रंथ याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला सांगितला गेला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानदेव ज्याला टेकून बोलले असं मानतात तो पैसाचा खांब आजही तिथे उभा आहे.

या मागण्यात काय आहे ते मुलांच्या कानांनी एकदा ऐकावं. ते एका जातीसाठी नाही, एका गावासाठी नाही. दुष्टांचा नाश व्हावा असंही त्यात म्हटलेलं नाही, त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा एवढंच मागितलं आहे. आणि ज्याच्याकडे मागितलं आहे त्या देवाला विठ्ठल किंवा शंकर असं नाव दिलेलं नाही. सगळं विश्व हेच त्याचं रूप. सातशे वर्षांहून जुनी ही प्रार्थना हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन आणि देव न मानणाऱ्या अशा सगळ्या घरांतल्या मुलांच्या रांगेसमोर आज म्हटली जाते, आणि तिच्याभोवती एक जिवंत प्रश्न उभा आहे. शाळेनं मुलांना धर्म शिकवावा का? नीती शिकवावी का? आणि धर्माचा हात न धरता नीती शिकवता येते का?

जगभर या प्रश्नावर कायदे झाले, खटले झाले, आयोग बसले. पण मला थक्क करते ती गोष्ट वेगळीच आहे. माणसांनी या प्रश्नाची जी उत्तरं शोधली, त्यांतली बहुतेक सगळी या एका जिल्ह्याच्या हद्दीत कुणी ना कुणी जगून पाहिली आहेत.

पहिलं उत्तर अमेरिकेतून आलं. डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं केलं. मिशनच्या शाळांत बायबल हा धड्यांचा गाभा होता. धर्म सांगणं हाच त्या शाळांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आला. त्याचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीत होते. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. मुली ओळीनं बसून शिकताहेत हे त्यांनी इथे पाहिलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा उभी राहिली.

यातलं आश्चर्य नीट पाहायला हवं. शाळा काढणाऱ्यांनी ती धर्मासाठी काढली होती. पाहणाऱ्यानं तिथून शाळा उचलली आणि धर्म तिथेच ठेवला. पुढे त्याच जोतीरावांनी आयुष्याच्या अखेरीला स्वतःच नीतीचं एक पुस्तक लिहिलं. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घेते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्म पत्करतो, आणि चौघं एकमेकांचा हेवा न करता, एकमेकांना जपत एकाच घरात राहतात. एकोणिसाव्या शतकात हे लिहिलं गेलं! आजच्या नववीच्या वर्गात बाकांवर जी मुलं शेजारी-शेजारी बसतात, तो वर्ग म्हणजे जोतीरावांचं हे घरच आहे, असं मला नेहमी वाटतं.

सरकारचं उत्तर मात्र सावध होतं. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यापासून सरकारी शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहतील हे धोरण ठरलं. मग लोक विचारू लागले की धर्म नाही तर निदान नीती तरी शिकवा. १८८२ च्या हंटर आयोगानं महाविद्यालयांसाठी नीतीचं एक सर्वमान्य पाठ्यपुस्तक तयार करावं अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या कल्पनेला आपला विरोध लेखी नोंदवला.  सर्वांना चालेल असं नीतीचं पुस्तक लिहायला घेतलं की ते इतकं गुळमुळीत होतं की कुणाला लागत नाही, आणि त्यात धार आणली तर कुणाला तरी ते चालत नाही. ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत जशीच्या तशी आहे.

आता नगर शहराच्या दक्षिणेला, दौंड रस्त्यावरच्या अरणगावी चला. तिथे मेहेरबाबांनी १९२७ मध्ये मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. आपल्या गुरू हजरत बाबाजान यांचं नाव तिला दिलं. हिंदू, मुस्लिम, पारशी मुलं तिथे एकत्र राहत, आणि काही मुलं तर थेट इराणमधून आणलेली होती. नेहमीचे विषय होते आणि त्यांच्या जोडीला ध्यान होतं, अध्यात्म होतं. यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की शाळेचे गुरू बोलत नव्हते. १० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धरलं होतं, आणि १९२७ च्या सुरुवातीपासून लिहिणंही थांबवून ते अक्षरं लिहिलेल्या फळीवर बोटं फिरवून संवाद साधत. १९२८ मध्ये ही शाळा काही काळ टोक्याला, प्रवरा आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे, हलवली गेली. म्हणजे ज्या नदीच्या काठी नेवाशाला एका मुलानं ओघवत्या वाणीत गीता सांगितली, त्याच नदीच्या काठी थोडं खाली एक गुरू एकही शब्द न उच्चारता मुलांना देवाविषयी सांगत होता. १९२९ च्या सुरुवातीला शाळा बंद झाली. हा प्रयोग सर्वांनी करावा असा नव्हताच. एका गुरूवरच्या श्रद्धेवर उभी असलेली शाळा त्या श्रद्धेच्या बाहेरच्या मुलाला पेलणारी नसते. पण शिक्षकाचं वागणं हाच धडा, ही गोष्ट इतक्या टोकाला नेऊन पाहिलेली दुसरी शाळा मला माहीत नाही.

आणि मग किल्ला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. जवळपास तीन वर्षं ते तिथे होते. जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहून काढलं. आचार्य नरेंद्र देव बौद्धांच्या अभिधर्मकोशावर काम करत होते. मौलाना अबुल कलाम आझाद कुणालाही न धाडता येणारी पत्रं लिहीत होते. ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं उर्दू साहित्यातला मानबिंदू ठरली. एक इस्लामचा गाढा विद्वान, एक बौद्ध ग्रंथांत बुडालेला समाजवादी आणि एक ज्याला कुठल्याच कर्मकांडात रस नाही असा इतिहासाचा वेडा, एकाच भिंतीआड! नेहरूंनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत या सोबत्यांचं ऋण मानलं आहे. धर्माविषयी एकमेकांकडून शिकणं कसं असतं, याचा याहून चांगला वर्ग महाराष्ट्रात भरला नसेल.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर दोन वर्षांत आझाद देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. जानेवारी १९४८ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे ते बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की युरोपात शाळांपुढची अडचण देव न मानणाऱ्यांची आहे, आपल्याकडची अडचण धर्मवेडाची आहे. म्हणून धर्म शाळेबाहेर काढून चालणार नाही. लहान वयातच निकोप धर्मशिक्षण शासनाच्या देखरेखीखाली द्यायला हवं, नाहीतर मुलं भलत्या जागी भलतं शिकतील. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस गांधीजींची हत्या झाली.

त्याच वर्षी, ७ डिसेंबरला, संविधान सभेत धर्मशिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं. इतके धर्म, इतके पंथ असलेल्या देशात शासनानं सर्वांच्या कराच्या पैशातून धर्मोपदेश द्यायचा तर कुणाचा द्यायचा? शिवाय कित्येक धर्म आपल्याकडेच सत्य आहे असं म्हणतात; ते वर्गात समोरासमोर आले तर शाळेची शांतता राहील का? याच चर्चेत बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं की संस्कृत महाविद्यालयात वेद-उपनिषदं शिकवतात, त्याचं काय? बाबासाहेबांनी फरक स्पष्ट केला: एखाद्या धर्माचा उपदेश करणं वेगळं, धर्माचा अभ्यास करणं वेगळं.

त्या चर्चेतून संविधानाचं २८ वं कलम आलं. ते मूळ स्वरूपात फार थोड्या शिक्षकांनी वाचलेलं असतं, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश देता येत नाही. एखाद्या दानपत्रानं किंवा न्यासानं धर्मशिक्षण देण्याच्या अटीवर उभी केलेली संस्था शासन चालवत असेल, तर तिला यातून सूट आहे. आणि जी शाळा शासनमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मोपदेशाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ती व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. जिल्हा परिषदेची शाळा पहिल्या प्रकारात येते. आपल्याकडच्या माध्यमिक शाळा मात्र बहुतांशी खासगी संस्थांच्या आणि अनुदानित असल्यामुळे तिसऱ्या प्रकारात येतात.

हे कागदावरचं कलम शेजारच्या नाशिकमध्ये एकदा अगदी हाताच्या तळव्यांपर्यंत येऊन पोहोचलं. एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला आणि त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला तो शिक्षकाच्या बाजूनं: प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. कलम मुलांचं रक्षण करतं हे आपण गृहीत धरतो. ते गुरुजींचंही करतं, हे कितीजणांना ठाऊक आहे?

पण दुसरी बाजूही न्यायालयांनीच मोकळी करून दिली आहे. १९७१ च्या पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की विद्यापीठानं गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास ठेवला, तर तो धर्मोपदेश होत नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निर्णय देताना, सर्व धर्मांविषयी माहिती आणि त्यांतली मूल्यं शिकवायला संविधानाची आडकाठी नाही, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे संविधानानं देवाला वर्गाबाहेर उभं केलेलं नाही. बाहेर ठेवली आहे ती सक्ती. मूल आपला देव दप्तरात घेऊन आलं तर त्याला दाराशी अडवायचं नाही, आणि शेजारच्या मुलाच्या दप्तरात तो कोंबायचाही नाही. माझ्या मते आपल्या शाळांनी या परवानगीचा दहावा हिस्साही वापरलेला नाही.

आता नीतीकडे येऊ, कारण इथेच खरं विस्मयकारक काही हाती लागतं. मुलं नीती शिकतात कशी? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात मुलांना विचारलेले प्रश्न दिले आहेत. एका मुलानं दार उघडलं, दारामागे पेले आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा पेले फुटले. दुसरा मुलगा आई नसताना फडताळातला मुरंबा चोरायला गेला आणि एक पेला फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं झटकन सांगतात: पंधरा फोडणारा. नऊ-दहा वर्षांच्या आसपास उत्तर फिरतं. पेले मोजायचे थांबून मूल मनातला हेतू पाहू लागतं. कुणी धडा दिलेला नसतो, पाठांतर घेतलेलं नसतं. खेळताना, भांडताना, नियम ठरवताना आणि मोडताना ते आतल्या आत घडत जातं. माध्यमिक शाळेत मूल येतं ते हा पूल ओलांडून.

त्याच सुमारास अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी दहा हजारांहून अधिक मुलांना कॉपी करण्याची, खोटं बोलण्याची, उचलेगिरी करण्याची संधी देऊन गुपचूप पाहिलं. निष्कर्ष धर्मगुरूंनाही हलवणारा निघाला. प्रामाणिकपणा हा गुण मुलात कायमचा मुक्कामाला असतो असं दिसलं नाही. एका प्रसंगी प्रामाणिक असलेलं मूल दुसऱ्या प्रसंगी फसवत होतं. आणि नीतिनियम तोंडपाठ असण्याचा वागण्याशी फारसा संबंध नव्हता. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी तर प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांना घेतलं. त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन चक्क बायबलमधल्या, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायचं होतं. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता, मुद्दाम बसवलेला. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यापैकी १० टक्केच. डोक्यात कोणता उपदेश घोळतोय यानं फार फरक पडला नाही, घाईनं पडला. बोधकथा सांगून झाली की घंटा होते आणि मुलं धावत वर्गात जातात, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

मग शिक्षकानं करायचं काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ पासून जे दाखवलं ते वर्गात करून पाहण्यासारखं आहे. मुलांपुढे पेच ठेवायचा आणि उत्तर काय यापेक्षा कारण काय हे ऐकायचं. आपल्याकडचा एक पेच घेऊ. पाथर्डीकडचा नववीतला एक मुलगा. आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि धाकटी बहीण. आजीला ताप आला म्हणून तो घरी थांबला. त्याची गैरहजेरी आधीच फार झाली आहे, आणखी झाली तर परीक्षेचं अवघड होईल. बाई हजेरी घेताना त्याच्या जिवलग मित्रानं आवाज बदलून ‘हजर’ म्हटलं. बरोबर केलं?

एक म्हणेल, सापडला तर मार बसेल. दुसरी म्हणेल, मैत्रीत एवढं करायलाच हवं. तिसरा म्हणेल, उद्या सगळेच असं करायला लागले तर हजेरीला अर्थ काय राहिला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेल की ज्याचे आई-बाप सहा-सहा महिने गावाबाहेर असतात त्याला आणि बाकीच्यांना एकच नियम का? भीतीपासून न्यायापर्यंतच्या पायऱ्या पंधरा मिनिटांत फळ्यावर उमटतात. कोलबर्ग यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी अशा चर्चा आठवडेच्या आठवडे घेतल्या तेव्हा पुष्कळ मुलांची कारणं वरच्या पायरीकडे सरकलेली दिसली. १९८२ मध्ये कॅरोल गिलिगन यांनी यात मोलाची भर घातली: केवळ न्यायाचीच शिडी मोजू नका, मायेनं दिलेलं कारणही तितकंच प्रौढ असतं. आजीजवळ कोण बसणार, हा प्रश्न हजेरीच्या प्रश्नाहून लहान नाही.

आणि याच चर्चेत धर्म आपल्या पायांनी चालत येतो. कुणी म्हणेल, माझी आजी सांगते, वर बघणारा आहे. कुणी सांगेल, आमच्यात मानतात की खांद्यांवर दोन फरिश्ते बसून चांगलं-वाईट लिहून ठेवतात. बौद्ध घरातली मुलगी पंचशीलातल्या खोटं न बोलण्याच्या शीलाचं नाव घेईल. आणखी कुणी म्हणेल, आमच्या घरी देव मानत नाहीत, पण बाबा म्हणतात स्वतःला फसवता येत नाही. शिक्षकानं इथे कुणाचं कारण मोठं हे ठरवायचं नाही. प्रत्येक कारण समजून घ्यायला लावायचं आणि विचारायचं: तुझं कारण न मानणाऱ्या मित्राला हे कसं पटवशील? या एका प्रश्नात धर्माची ओळखही होते आणि नीतीचा सरावही. पाठ्यपुस्तक लागत नाही, अनुदान लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तोच शाळांकडे नाही असं सगळे सांगतात.

महाराष्ट्रानं १९९७ च्या सुमारास मूल्यशिक्षण आणलं तेव्हा दहा मूल्यं ठरवली: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता आणि सर्वधर्मसहिष्णुता. यादी चांगली आहे. पण बहुतेक ठिकाणी ती भिंतीवर रंगवली गेली. वक्तशीरपणा घंटेनं शिकवता येतो. सर्वधर्मसहिष्णुतेसाठी दुसऱ्याचा धर्म आधी माहीत असावा लागतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९ मध्ये सुरू केलेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम जोडीनं आणि गटानं बोलण्यावर, खेळण्यावर उभा आहे आणि पुढे तो राज्यभर पसरला, हे मला फार आश्वासक वाटतं. त्याचा पाया मुख्यतः प्राथमिक वर्गांत आहे. प्रश्न विचारायचं खरं वय मात्र नववी-दहावीचं, आणि नेमकं तेव्हाच बोर्डाच्या परीक्षेपुढे सगळं बाजूला पडतं.

आझादांचा इशारा आज जास्त टोचतो. शाळा गप्प राहिली म्हणून मूल धर्माविषयी अज्ञानी राहत नाही. ते मोबाईलवर शिकतं, तीस सेकंदांच्या व्हिडिओतून, आणि बहुधा स्वतःच्या धर्माचा अभिमान व दुसऱ्याच्या धर्माचा राग एकाच पाठात शिकतं. मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. शासनानं धर्मोपदेश करू नये, त्याला दुसरा पर्यायच नाही. पण त्यांनी अभ्यासाचं जे दार उघडं ठेवलं ते आपणच लोटून घेतलं आहे, आणि त्याची किंमत आझादांनी आधीच सांगून ठेवली होती.

नगरच्या कुठल्याही शाळेला यासाठी लांब जावं लागत नाही. नेवासा, टोका, अरणगाव आणि भुईकोट किल्ला एका दिवसाच्या सहलीत बसतात. किल्ल्यात नेत्यांना ठेवलेल्या खोल्या पाहून झाल्या की नववीच्या वर्गाचे तिथेच दोन गट करावेत. एकानं जानेवारी १९४८ मधल्या आझादांची बाजू मांडावी, दुसऱ्यानं डिसेंबर १९४८ मधल्या आंबेडकरांची. अर्ध्या वेळानंतर गटांनी बाजू बदलाव्यात. शिक्षकांनी निकाल देऊ नये. मुलांनी दिलेली कारणं तेवढी वहीत उतरवून घ्यावीत आणि परतल्यावर ती पालकसभेत वाचून दाखवावीत.